बिजवर लांडगा

“मावशी, ह्याची बायको मेलीये. आणि आता ह्याला एक माणूस आवडायला लागलीये.”

लेक हे बोलली तेव्हा मी वाल सोलत होते. मोड आलेले, कोमट पाण्यात टाकलेले वाल. दोन बोटांत धरून दाबलं की दाणा सुळकन निसटतो आणि कधीकधी थेट शेगडीमागे जाऊन पडतो. “माणूस आवडायला लागलीये म्हणजे काय?” मी विचारलं. “अगं, तो वेअरवुल्फ आहे. लांडगा. आणि ती साधी माणूस.” एवढं बोलून तिने फोनवरून डोळे वर केले, माझ्याकडे बघितलं आणि एकदम गप्प झाली. मग म्हणाली, “म्हणजे, गोष्टीतला.”

गोष्टीतला, ते मला कळलं होतं. तरी हातातला वाल गेलाच शेगडीमागे.

लेक सतरा वर्षांची आहे. मी या घरात आले तेव्हा सहाची होती आणि तिची आई जाऊन दोन वर्षं झाली होती. मी अडतीस वर्षांची प्रथमवधू आणि हा बिजवर. बिजवर हा शब्द आता लग्नाच्या जाहिरातींतूनही गेला. भाऊबीजेतली ती बीज, म्हणजे दुज; दुसऱ्यांदा बोहल्यावर चढणारा तो बिजवर. आमच्या लग्नात माझ्या एका आत्याने तो शब्द पुरणपोळी वाढता वाढता इतक्या सहज वापरला होता, की मला तो पदार्थाचंच नाव वाटला.

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी लेकीचं ते गोष्टींचं ॲप माझ्या फोनवर घेतलं. कुठली गोष्ट ते सांगत बसत नाही, कारण तशा ढिगाने आहेत आणि सगळ्यांचा सांगाडा एकच. एक कळप. कळपाचा एक अल्फा, म्हणजे म्होरक्या, सहा फूट उंच, डोळे पिवळे, स्वभाव खेकसण्याचा. प्रत्येक लांडग्याचा एकच ठरलेला जोडीदार असतो, त्याला मेट म्हणायचं, आणि तो ओळखायचा वासावरून. पावसात भिजलेली माती, दालचिनी, कुणाला देवदार. ती मेट मेली की लांडगा अर्धा मरतो. काही गोष्टींत पूर्णच मरतो, काहींत रानटी होऊन डोंगरात निघून जातो. आणि मग एक दिवस गावात एक साधी मुलगी येते. ही मुलगी बहुधा बेकरीत काम करते. का कोण जाणे.

माझं लक्ष अडकलं ते एका बारीक गोष्टीत. लांडग्याला वासावरून खात्री पटते. तिला मात्र काहीच वास येत नाही. माणसाचं नाक ते, त्याला गॅस सुटलेला कळतो एवढंच. तो म्हणतो, तूच ती. तिने फक्त ऐकून घ्यायचं आणि विश्वास ठेवायचा. चाळीस-चाळीस प्रकरणं तो रडतो, गुरगुरतो, मेलेल्या बायकोच्या आठवणीने झाडं ओरबाडतो, आणि हे सगळं त्याच्या बाजूने सांगितलेलं असतं. त्या मुलीने त्याच्या घरी गेल्यावर आपले कपडे कुठल्या कप्प्यात ठेवले, हे एकाही प्रकरणात नाही.

मला ते नेमकं माहीत आहे. लोखंडी कपाटाच्या वरच्या तीन कप्प्यांत. सगळ्यात खालचा खण ओढायला गेले तेव्हा हा म्हणाला, “तो अडकतो, राहू दे.” मी राहू दिला. खण अडकत नाही, त्याला फक्त किल्ली आहे, हे कळायला मला दोन वर्षं लागली. आणि हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. त्यालाही नाही.

या खणापायी मी आठशे-नऊशे वर्षं मागे गेले. लांडगामाणसांच्या जुन्या कथा शोधताना मारी द फ्रान्स या बाराव्या शतकातल्या कवयित्रीची ‘बिस्क्लाव्रे’ ही काव्यकथा सापडली. त्यात पौर्णिमा वगैरे काही नाही. फ्रान्सकडच्या ब्रिटनी प्रांतातला एक भला सरदार आठवड्यातले तीन दिवस घरातून गायब होतो. बायको खोदून खोदून विचारते तेव्हा सांगतो, की मी लांडगा होऊन रानात हिंडतो. ती पुढचा प्रश्न विचारते, तो बायकोच विचारू शकते: मग कपडे कुठे ठेवतोस? तो आधी सांगत नाही. कारण कपडे गेले तर माणूस होण्याचा रस्ताच बंद. शेवटी सांगतो: एका जुन्या देवळाजवळ पोकळ दगड आहे, त्यात. ती आपल्यावर मरणाऱ्या दुसऱ्या एका सरदाराकरवी ते कपडे पळवते आणि त्याच्याशी लग्न करते. हा बिचारा लांडगाच राहतो.

पुढे राजा शिकारीला येतो, हा लांडगा त्याच्या पायाशी लोळण घेतो, राजा त्याला महालात नेऊन पाळतो. बायको समोर आल्यावर तो तिचं नाक तोडतो. (या शिक्षेचं आपल्याला नवल नको, आपण शूर्पणखेच्या मुलखातले.) मग सगळं उघडकीला येतं आणि कपडे परत आणवतात. त्याच्यासमोर ठेवतात. तो ढुंकूनही बघत नाही. तेव्हा दरबारातला एक शहाणा म्हणतो, असं चारचौघांत तो बदलणार नाही, त्याला लाज वाटते. कपडे आतल्या खोलीत ठेवा आणि दार लावून घ्या. तसं करतात. थोड्या वेळाने दार उघडतात तर राजाच्या पलंगावर सरदार झोपलेला.

दार लावून घ्या. माझ्या मनात त्या कथेतलं एवढंच घर करून बसलंय. नाकबिक जाऊ दे.

शब्दाचंही तसंच. वेअरवुल्फमधलं ‘वेअर’ म्हणजे जुन्या इंग्रजीत पुरुष. लॅटिनमध्ये तोच ‘विर’ आणि संस्कृतात आपला ‘वीर’, तिन्ही सख्खी भावंडं. ‘वुल्फ’ आणि ‘वृक’ यांचंही मूळ एकच. म्हणजे वेअरवुल्फ हा शब्द धुऊन वाळत घातला तर दोरीवर ‘वीरवृक’ दिसतो. वृक मराठीत कुठे उरला म्हणावं, तर वृकोदरात. भीमाच्या पोटात. त्याच्या त्या लांडग्यासारख्या भुकेवर आपण लहानपणी हसलो. पण याच वृकोदरावर हिडिंबा भाळली होती, आणि रूप बदलणारी ती होती. राक्षसीण, माणसं मारायला आलेली, त्याला बघून सुंदर बाई झाली. युधिष्ठिराने परवानगी दिली तीही अट घालून: दिवसभर हिंडा, रात्री माझा भाऊ परत पाहिजे. आणि घटोत्कच झाल्यावर पांडव पुढे निघून गेले. हिडिंबेने पुढे काय केलं, कुणाबरोबर संसार मांडला की नाही, हे विचारायला व्यासांना वेळ नव्हता. पुढे जुगार, वनवास, युद्ध, फार कामं होती.

लेकीला मी विचारलं, “खरे लांडगे असं करतात का गं? एक गेली की झुरून मरणं वगैरे?” ती म्हणाली, “करत असतील. ते आयुष्यभर एकच जोडी करतात ना.” हे मीही कुठेतरी ऐकलं होतं, राजहंस, सारस, लांडगे अशी यादीच असते. मग आम्ही दोघी शोधायला बसलो आणि त्या शोधात आम्हाला नऊ नंबर भेटली.

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९२६ पर्यंत लांडगे मारून संपवले होते. जवळजवळ सत्तर वर्षांनी, जानेवारी १९९५ मध्ये, कॅनडातल्या अल्बर्टामधून चौदा लांडगे आणून तिथे मोठ्या कुंपणांत ठेवले. नावं द्यायची नाहीत असा नियम, म्हणून नुसते नंबर. नऊ ही मादी आपल्या तरुण लेकीबरोबर आली. तिच्या कुंपणात दहा नंबरचा एक दांडगा नर सोडला. दोघं अनोळखी, पण जमलं. वसंतात कुंपण उघडलं आणि जोडी उत्तरेला निघाली, उद्यानाची हद्द ओलांडून मोंटानातल्या रेड लॉज गावाजवळ गेली. तिथे एप्रिलमध्ये दहा नंबरला एका माणसाने गोळी घातली. त्याच सुमाराला, एका झाडाखाली उघड्यावर, नऊने आठ पिल्लं घातली.

आठ. डोळे न उघडलेली. बाप शिकार आणून देणार तेव्हा आई अंगाखाली पिल्लं धरून पडून राहणार, ही लांडग्यांची रीत. आणि बापच नाही. शेवटी उद्यानाच्या लोकांनी तिला आणि पिल्लांना हुडकून, उचलून पुन्हा जुन्या कुंपणात आणलं, सरकारी खर्चाने मांस घालून उन्हाळाभर सांभाळलं. (“बाळंतपणाला माहेरी,” लेक म्हणाली.)

आता दुसरीकडे आठ नंबर. शेजारच्या कळपातला हा पोरगा, चार भावांत सगळ्यात लहानखुरा, भावांच्या दाढेखाली वाढलेला. वय जेमतेम दीड वर्षं. म्हणजे लांडग्यांतलं कॉलेजकुमार. त्या सुमारास वादळात नऊच्या कुंपणाचं नुकसान होऊन काही पिल्लं बाहेर निसटली होती. कुंपणाबाहेर भटकणाऱ्या त्या पिल्लांशी आठ नंबर खेळताना दिसला. ऑक्टोबरमध्ये नऊला सोडलं, तेव्हा तो तिच्या घरातलाच होऊन गेला. आठ पिल्लांची आई, नवरा मारला गेलेली, आणि तिच्याहून कितीतरी लहान नवरा. सहा महिन्यांत. आमच्याकडे असं झालं असतं तर किती जणींनी पदर तोंडाला लावला असता.

तो आधी तिच्याकडे गेला नाही, पिल्लांकडे गेला. हे वाचून मी फोन बाजूला ठेवला आणि उगाचच उठून दूध तापवलं. मी या घरात आले तेव्हा पहिले कित्येक महिने ह्याच्याशी माझं बोलणं म्हणजे वीजबिल, सासूबाईंच्या गोळ्या आणि पोरीची वेणी. सहा वर्षांच्या त्या पोरीला वेणी घट्ट लागायची, सैल घातली की शाळेतून सुटून यायची. मी रोज सकाळी तिच्या डोक्याशी झटायचे. प्रेमात पडायचं असतं तर मी आधी त्या केसांच्या पडले. एकदा ती आरशात बघून म्हणाली, “मावशी, आज बरी झालीये,” आणि दारात उभा असलेला हा हसला. तेव्हा मला पहिल्यांदा त्याचा दात दिसला, समोरचा, जरासा तिरका.

आठ नंबरच्या त्या आठ सावत्र पोरांतला एक म्हणजे एकवीस नंबर, यलोस्टोनमधला पुढे फार गाजलेला नर. १९९७ मध्ये शेजारच्या ड्रुइड कळपातले दोन मोठे नर उद्यानाबाहेर गोळीला बळी पडले. कळपात माद्या आणि पिल्लं उरली. एकवीस तिथे गेला आणि दुसऱ्याची पिल्लं वाढवायला लागला. सावत्र बापाच्या हाताखाली शिकलेला. पुढे त्याची जोडीदारीण बेचाळीस नंबर २००४ च्या सुरुवातीला मेली आणि त्याच उन्हाळ्यात तोही गेला. म्हणजे झुरणारेही असतात बहुतेक. की तो नुसता म्हातारा झाला होता? लांडग्याच्या दृष्टीने नऊ वर्षं म्हणजे पुष्कळ. आपण मात्र ‘विरहाने मेला’ असंच ठरवतो, कारण आपल्याला ते हवं असतं. त्याच कळपांतले बाकीचे, जोडीदार गेल्यावर पुढच्या थंडीत दुसरा शोधणारे, आपण मोजत नाही. लांडगा आयुष्यभर एकच जोडी करतो हे बहुतांशी खरं, पण ते आयुष्य जोडीचं. एक गेला की जोडी संपली, लांडगा संपत नाही.

आणि तो अल्फा! १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या, एकमेकांच्या नात्यात नसलेल्या लांडग्यांची भांडणं बघून ती कल्पना मांडली. ती पुस्तकातून सगळीकडे पसरवणारे डेव्हिड मीच यांनीच पुढे रानातले लांडगे वर्षानुवर्षं बघून सांगितलं, की रानातला कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पोरं, तिथे अल्फा वगैरे म्हणण्यात अर्थ नाही. थोडक्यात, तो एका घरातला बाबा असतो. हे मी लेकीला सांगितलं तेव्हा ती इतकी हिरमुसली, की मला वाईट वाटलं. सहा फूट उंच, पिवळ्या डोळ्यांचा बाबा.

आपल्याकडचा लांडगा मी एकदाच पाहिलाय. मोरगावला गणपतीला गेलो होतो, येताना सुप्याजवळ माळावर संध्याकाळ झाली. गवत वाळलेलं, मधेमधे बाभळी, लांब एका धनगराचं खांड परतत होतं. रस्त्याच्या कडेला एक कुत्रा उभा दिसला, उंच पायांचा, गवताच्याच रंगाचा. ह्याने गाडी थांबवली. “कुत्रा नाही तो,” म्हणाला. त्याने आमच्याकडे बघितलं, घाई न करता रस्ता ओलांडला, पलीकडच्या चरात उतरला आणि दिसेनासा झाला. मी म्हटलं, चला. हा म्हणाला, “थांब. जोडीदार असेल मागे.” आम्ही काचा खाली करून वीस मिनिटं थांबलो. अंधार पडला. मागून कुणी आलं नाही. ह्याने गाडी चालू केली आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. मीही नाही. लेक मागे झोपली होती.

त्या वीस मिनिटांत तो कुणाची वाट बघत होता, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. आता विचारत नाही.

माझी आजी, वडिलांची आई, हीही दुसरेपणाची. तिच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर एक चांदीचा टाक असायचा, नखाएवढा, झिजून गुळगुळीत झालेला. मी लहानपणी तो देव समजत होते. देव नव्हे, सवत. आधीची बायको मेली तर दुसरीने तिचा टाक गळ्यात घालायचा, म्हणजे ती त्रास देत नाही. आजी ‘ताईचा टाक’ म्हणायची. काही गोड केलं, नवं लुगडं नेसली, की आधी बोट त्या टाकाला लावायची. “तिला विचारल्याशिवाय कसं?” भीती होती की माया, हे तेव्हा मला कळायचं कारण नव्हतं. पण आजीच्या छातीवर एक बाई आयुष्यभर लटकली होती आणि आजी तिच्यासकट वाकून केर काढत होती, हे मला आज फार नीट दिसतं. नवऱ्याला असलं काही घालायला नव्हतं. त्याला नवीन सदरा.

आम्ही राहतो कर्वे रस्त्याच्या मागे. धोंडो केशव कर्वे विधुर झाले १८९१ मध्ये. दुसरं लग्न त्यांना कुठल्याही कुमारिकेशी करता आलं असतं, कुणी ब्रदेखील काढला नसता. त्यांनी १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या गोदूबाईंशी, एका विधवेशी लग्न केलं आणि मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. विधुर म्हणून नव्हे, ती विधवा म्हणून. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करण्याचा ठराव केला तो मे २०२२ मध्ये. मधे एकशे एकोणतीस वर्षं. नऊ नंबरला सहा महिने लागले. लांडग्यांच्या घरात सगळंच आपल्याला मानवेल असं नाही, पण एवढं एक बरं आहे त्यांचं.

आता पौर्णिमेबद्दल. गोष्टीतला लांडगामाणूस पौर्णिमेला बदलतो. आमच्याकडे नवमी. भाद्रपद वद्य नवमी, अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी, कुंकू घेऊन गेलेल्या बायकांची तिथी. त्या दिवशी तिच्या नावाने सवाष्ण जेवू घालतात, ओटी भरतात. (नऊ नंबर, नवमी. लेकीने लगेच ते जुळवलं. मी म्हटलं, पुरे.)

त्या दिवशी हा पहाटे उठतो. कधी नव्हे ते चहा स्वतः करतो. बोलत नाही. दाढी करतो, आणि दाढी करूनसुद्धा मला त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उगवल्यासारखं दिसतं. हालचाल वेगळी होते. या घरात तो एरवी दाराच्या कडेला अडखळत नाही, त्या दिवशी अडखळतो, जणू कपाट, पलंग, दार, सगळं अकरा वर्षांपूर्वीच्या जागी आहे. मग आतल्या खोलीत जातो आणि दार लावून घेतो. किल्लीचा आवाज येतो. खण उघडल्याचा येतो. अडकत नाही मुळीच, अगदी लोण्यासारखा सरकतो. अर्ध्या तासाने बाहेर येतो तेव्हा त्याच्या हाताला कापराच्या गोळ्यांचा वास असतो. माझ्या माणसाच्या नाकाला तेवढा येतो.

मी ते दार कधी वाजवलं नाही. सुरुवातीला रागाने, मग भीतीने. आता नुसतं, भाजी चिरायची असते म्हणून.

एका नवमीला त्याने आतून हाक मारली. तिच्या नावाने. स्वच्छ, रोजच्यासारखी, टॉवेल कुठे आहे विचारावा तशी. सासूबाई पूजेच्या खोलीत होत्या, लेक शाळेत. घरात मी एकटीच ओ देऊ शकत होते. मी म्हटलं, “ओ.” आत बराच वेळ काही आवाज आला नाही. मग तो म्हणाला, “काही नाही.” त्यावर आम्ही आजवर बोललेलो नाही.

गेल्या वर्षी सवाष्ण म्हणून खालच्या मजल्यावरच्या काकू येणार होत्या, दरवर्षीसारख्या. साडेदहाला त्यांचा फोन: ताप भरलाय. वडे तळून झाले होते. आळूचं, आमसुलाची चटणी, लाल भोपळ्याची भाजी, खीर, आणि तिला आवडायचं म्हणून सासूबाई दरवर्षी करायला लावतात ते बिरडं. ते आदल्या संध्याकाळी मीच सोललं होतं, लांडग्याची गोष्ट ऐकत. आता ऐन वेळी सवाष्ण कुठून आणायची? मी दोघीतिघींना फोन लावले. कुणी ऑफिसात, कुणाचं स्वतःच्याच घरी श्राद्ध. सासूबाई पाटावर बसून हे सगळं बघत होत्या. त्यांना ऐकू कमी येतं, पण दिसतं पुष्कळ.

“तू काय सवाष्ण नाहीस?” त्या म्हणाल्या.

“अहो आई, मी घरातली. मीच केलंय सगळं.”

“घरातली म्हणूनच. तीपण घरातलीच की. हात धू आणि बस.”

मी ह्याच्याकडे बघितलं. तो नुकताच खोलीतून बाहेर आला होता, तसाच, अर्धा इकडे अर्धा तिकडे. काही बोलला नाही. नुसता स्वयंपाकघरात गेला आणि त्याने पान वाढायला घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा, मीठ कुठल्या बाजूला वाढायचं हेही त्याला आईला विचारावं लागलं. लेक कॉलेज बुडवून घरी होती. तिने पाटाभोवती रांगोळीची रेघ ओढली, वाकडी.

मी बसले. सासूबाई स्वतः विधवा म्हणून कुंकू लावायला लेकीला सांगत होत्या, मी म्हटलं तुम्हीच लावा, आणि त्यांनी लावलं. हात थरथरला त्यांचा, कुंकू नाकावर सांडलं. ओटीत खण, नारळ, तांदूळ. खण जांभळा, खणाळ्यांच्या दुकानातला नवीन नव्हे. घडीवर पिवळी रेघ पडलेली. त्याला कापराचा वास होता.

मी काही विचारलं नाही. तो पदरात घेतला.

तिघंही समोर बसून माझ्याकडे बघत होती. पहिला घास कशाचा घ्यावा कळेना, म्हणून खीर घेतली. घशाखाली उतरेना. साखर कमी पडली होती, किंवा मला चव लागत नव्हती. वाटी खाली ठेवून मी ह्याला विचारलं, कसं कोण जाणे, पण अगदी सरळ विचारलं, “तिला गोड किती लागायचं?”

लेकीने श्वास धरला. सासूबाईंना ऐकू आलं नसावं.

हा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “पुष्कळ. चहात तीन चमचे घालायची. मी बघत नसलो की चार.” आणि उठला, साखरेचा डबा घेऊन आला, आणि माझ्यासमोर मांडी घालून चमच्याने खिरीत साखर घालायला लागला. एक. दोन. तिसऱ्याला थांबून त्याने माझ्याकडे बघितलं.

“बघू नका,” मी म्हटलं.

त्याने तोंड फिरवलं. मी चौथा घालून घेतला.